चिंचेनं घासलेला कार्बोरेटर

कार्बोरेटर उघडायचं माझ्या मनात मुळीच नव्हतं. मी नुसतं झाकण काढून आत डोकावणार होतो. डोकावणं आणि उघडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असं मी आजही मानतो. पण झाकणाखाली एक स्प्रिंग दबून बसली होती, तिला हा फरक कुणी समजावून सांगितला नव्हता. ती टण्णकन उडाली आणि चुलीवरच्या वरणात जाऊन पडली.

"काय पडलं वो?" आमचं कुटुंब, म्हणजे चतुराबाई, पोळी लाटता लाटता म्हणाली.

"काई नाही. स्प्रिंग."

"खायची असते का?"

"नसते."

"मंग काढा."

मी पळीनं वरण ढवळून स्प्रिंग काढेपर्यंत इकडे परातीत कार्बोरेटरचे उरलेले भाग आपापले सुटे झाले होते. (मी फक्त एक स्क्रू सैल केला होता. बाकीच्यांनी एकमेकांचं पाहून केलं.) आता तुम्ही विचाराल, मोटार दारात आणि कार्बोरेटर स्वयंपाकघरात कसा? तर श्रावणाचे दिवस, बाहेर रिपरिप चाललेली, आणि घरात कोरडी जागा म्हणाल तर चुलीपुढचीच. पेट्रोल लागलेली वस्तू चुलीजवळ नेऊ नये हे मला त्याच दिवशी कळलं. माझ्या भुवया आता बऱ्यापैकी परत आल्या आहेत.

ही सन छत्तीसची गोष्ट. मी जगदेव, कारंज्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत कारकून. कारकुनाच्या दारात मोटार कुठून आली म्हणाल, तर मालकांनी नवी घेतली, तेव्हा जुनी सरकीच्या गोदामामागे जाऊन उभी राहिली आणि तिच्या मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मालक एक दिवस म्हणाले, "जगदेव, घेऊन जाय हे. जागा तरी मोकळी होईन." मी घेऊन आलो, कोंबड्यांसकट. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा जो बार उडाला, त्यानंतर त्या कोंबड्या कारंज्यात कुणाला दिसल्या नाहीत.

मोटार तशी चालायची. म्हणजे बाजारापर्यंत चालायची. तिथे खोकायची, काळा धूर सोडायची आणि उभी राहायची. मग कुणाची तरी बैलजोडी जुंपून तिला घरी आणावं लागे. मालकांचा ड्रायव्हर सांगायचा की ही मोटार चौदा घोड्यांची आहे. कारंज्यात तिला सगळे दोन बैलांची म्हणत.

पण मी हा सगळा उद्योग काही हौसेखातर करत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो.

माझे सासरे उकंडराव हे शेलूबाजारचे मोठे शेतकरी. त्यांना दोन मुली, मुलगा नाही, आणि गोठ्यात बैल भरपूर. म्हणून पोळ्याला दोन्ही मुली आणि दोन्ही जावई आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत हजर पाहिजेत असा त्यांचा दंडक. थोरली गोजराबाई यायची ती तिच्या नवऱ्याच्या, दौलतरावांच्या दमणीतून. दमणीच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा शिवेपासून ऐकू येत, सगळं गाव दाराशी येई, आणि मग गोजराबाई पदर सावरत उतरे. आणि आम्ही? आम्ही जिनिंगचा माल वाहणाऱ्या बैलगाडीतून सरकीच्या पोत्यांवर बसून यायचो, बाजारात उतरायचो आणि गाठोडं घेऊन चालत जायचो. चतुराबाईच्या लुगड्याला जागोजागी कापूस चिकटलेला असायचा, आणि गोजराबाई तो सगळ्यांदेखत एकेक करून वेचायची. प्रेमानंच वेचायची. त्याचाच जास्त राग यायचा.

त्या वर्षी पोळा आठवड्यावर आला तेव्हा चतुराबाई म्हणाली, "यंदा मी बाबाच्या दाराशी मोटारीतून उतरीन. नाही तं मी मायेरी जातच नाही."

ती रडली असती तर मी समजूत घातली असती. रडणाऱ्या बाईची समजूत घालता येते. पण ती अगदी शांतपणे म्हणाली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. मी तसा गरीब माणूस आहे, साहेबासमोर माझा आवाज निघत नाही. पण त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की काय वाटेल ते होवो, ही बाई यंदा मोटारीतून उतरणार. मी एकदा ठरवलं की ठरवलं. (हे वाक्य वाचून आमच्या घरात सगळे हसतात. त्याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही.)

तर ती परात घेऊन मी रज्जाकभाईकडे गेलो.

रज्जाकभाई म्हणजे स्टोव्ह, गॅसबत्त्या, कुलपं आणि बँडवाल्यांची बिगुलं दुरुस्त करणारा माणूस. मोटारीला त्यानं आयुष्यात हात लावलेला नव्हता. पण 'येत नाही' हे दोन शब्द त्याच्या तोंडून कारंज्यात कुणी ऐकले नव्हते. त्यानं एकेक भाग उचलून डोळ्यासमोर धरला, हलवला, कानाशी नेला.

"बाबूसाहेब, हे तं अख्खं घिसून गेलं."

"मंग?"

"मंग काय! नवं बनवू. गॅसबत्तीले काय लागते? तेल आन हवा. याले काय लागते? तेल आन हवा. सगे भाऊ हायेत दोघं."

"पन गॅसबत्ती चालत नाही जात, रज्जाकभाई."

"तिले चाकं कोनी लावली?"

आम्ही कामाला लागलो. मी रोज फॅक्टरी सुटली की त्याच्या दुकानात जाऊन बसायचो आणि भाता मारायचो. हवा आत सोडणाऱ्या पडद्याची दांडी झिजून खुळखुळत होती, तिला रज्जाकभाईनं रंगपंचमीच्या मोडक्या पिचकारीची नळी कापून बसवली. वायसर सगळे कुजले होते, ते मोटेच्या चामड्याचे कापले. पेट्रोलवर तरंगणारी जी पितळेची पोकळ डबी असते, तिला फ्लोट म्हणतात, ती भोक पडून बुडत होती. तिला डाग दिला. आणि शेवटी जेट. जेट म्हणजे हरभऱ्याएवढा पितळी तुकडा, त्याला मधोमध सुईएवढं भोक. सगळं पेट्रोल त्या एवढ्याशा भोकातून इंजिनात जातं. रज्जाकभाईनं ते स्टोव्हच्या पिनेनं साफ केलं आणि उजेडाकडे धरलं.

"पाहा, बाबूसाहेब. यातून मले मशिदीचा मिनार दिसून राह्यला."

मीही पाहिलं. मला मिनार दिसला नाही, पण मी दिसला म्हणालो.

सगळे भाग दुरुस्त करून, पुसून, परातीत घालून मी घरी आणले आणि कोनाड्याखाली ठेवले. उद्या जोडायचे. त्या रात्री मी मोटारीच्या स्वप्नात इतका गाढ झोपलो की काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीतून परत आलो तर परात रिकामी. नुसती रिकामी नव्हे, लखलखीत.

"अवं, परातीतलं सामान?"

"घासलं," चतुराबाई म्हणाली. तिच्या स्वरात अभिमान होता.

"काय केलं?"

"घासलं. सनावाराचं घरातलं सारं पितळ घासाचंच होतं. समया घासल्या, तांबे घासले, देवाची उपकरनी घासली. म्हटलं, तुमचंबी पितळच हाय, कायले काळं ठेवावं? चिंच आन राख लावून असं घासलं, असं घासलं का तोंड पाहून घ्या त्याच्यात."

खरंच चेहरा दिसत होता. माझाच दिसत होता आणि तो पाहवत नव्हता. पण त्या बाईनं माझ्या कार्बोरेटरला देवाच्या उपकरणींच्या बरोबरीनं बसवलं होतं, तिला बोलणार तरी काय? मी भाग मोजायला बसलो. फ्लोट नव्हता.

"एक गोल डबी होती ना?"

"थे मी देवाजवळ ठेवली. कुंकवाले चांगली हाय. पन झाकन कोठी हाय तिचं?"

"तिले झाकन नसते."

"मंग उघडते कशी?"

"उघडत नाही."

"मंग ठेवता काय तुमी तिच्यात?"

"हवा."

चतुराबाई देवघरातून फ्लोट घेऊन आली, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "पितळेच्या डबीत हवा भरून ठेवता, आन तिकडे हिशेब लिवाले तुमालेच बसवतात. मालकाचं कसं होईन बाप्पा!"

मी सगळं वरवर फडक्यानं पुसलं, फुंकर मारली आणि रज्जाकभाईला बोलावून कार्बोरेटर मोटारीवर चढवला. हँडल मारलं. आणि काय सांगू! मोटार सुरू झाली. खोकली नाही, धूर नाही. मी बाजारापर्यंत गेलो, बाजाराच्या पुढे गेलो आणि परत आलो! रस्त्यातले लोक बैल सोडून तयार उभे होते, ते तसेच उभे राहिले. एकजण तर चिडून म्हणाला, "काहून बाबूजी, आज लागत नाही का?" मी मान ताठ ठेवून भोंगा वाजवला. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जेवणं उरकून आम्ही निघालो. चतुराबाई माझ्या शेजारी, अंगावर ठेवणीतलं जांभळं लुगडं, नाकात नथ. मागे हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन रज्जाकभाई. "पेशंट जिकडे, हकीम तिकडे," असं म्हणून तो आपणहून बसला होता. आदल्या पावसानं रस्ता ओला होता, दोन्ही अंगांना पराटी, म्हणजे कपाशी, चांगली गुडघाभर आलेली. वाऱ्यानं चतुराबाईचा पदर उडत होता आणि तिनं तो धरला नाही. एक सरकीची गाडी आम्ही मागे टाकली तेव्हा ती पोत्यांवर बसलेल्या बाईकडे वळून पाहत राहिली. मला अतिशय आनंद झाला.

त्यानंतर मोटार बंद पडली.

रज्जाकभाईनं जेट काढला. भोक बुजलं होतं. त्यानं पिनेनं टोकरलं, एक तपकिरी धागा निघाला. त्यानं तो बोटावर घेतला, हुंगला आणि जिभेला लावला.

"बाबूसाहेब, चिंच!"

मी चतुराबाईकडे पाहिलं. ती शेताकडे पाहत होती.

"पितळ घासाले चिंच नाही लावत तं काय गुलाबपानी लावतात?" ती शेतालाच म्हणाली.

पुन्हा निघालो. पुन्हा थांबलो. या वेळी राख निघाली. मग पुन्हा चिंच, मग चिंच आणि राख दोन्ही. घासताना आतल्या बारीक नळ्यांत जे जाऊन बसलं होतं ते पेट्रोलबरोबर हळूहळू सुटून एकेक करून जेटाच्या दाराशी येत होतं. मी दर खेपेला उतरायचो, गुडघे चिखलात टेकायचो, जेट काढायचो, साफ करायचो, बसवायचो. रज्जाकभाई म्हणाला, "वापस चालता का?" मी म्हटलं, "वापस गेलो तं नाव सांगनार नाही." असं करत करत शेलूबाजारची झाडं दिसायला लागली. मधे फक्त एक नाला राहिला होता. आणि ऐन नाल्याच्या काठाशी मोटारीनं पुन्हा मान टाकली.

त्या वेळी नाल्यात आजूबाजूच्या गावचे बैल धुणं चाललं होतं. इकडे पांढरे, तिकडे तांबडे, शिंगं हलताहेत, लोक पाठी घासताहेत. आमची मोटार थांबली तशी सगळे हातातलं काम टाकून भोवती जमले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे बैलही.

या वेळी रज्जाकभाईनं कार्बोरेटरची वाटीच उघडली. तिच्या तळाशी, पेट्रोल जायच्या वाटेवर, अख्खा चिंचोका बसलेला होता.

"सापडला!" रज्जाकभाई ओरडला. "हाच हाय हरामखोर! आता इन्शाल्ला दारापर्यंत थांबत नाही. बाबूसाहेब, थ्या जेटात एक जोराची फुंकर मारा, का झालं."

मी जेट ओठांत धरला. छाती भरून श्वास घेतला. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या मागे उभ्या असलेल्या, नुकत्याच धुतलेल्या एका बैलाला वाटलं की याच्या कोटाला तोंड पुसावं. त्यानं पाठीत एक ढुशी दिली. मी 'हक्' केलं.

"बाबूसाहेब," रज्जाकभाई हात पुढे करून म्हणाला, "द्या जेट."

मी पोटाकडे बोट दाखवलं.

रज्जाकभाई माझ्या पोटाकडे पाहत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "हे तं मले काढता येत नाही."

चतुराबाई घाबरली. "अवं माय! दुखते का वो? टोचते का? पानी प्या!" तिनं तांब्या माझ्या तोंडाला लावला, पाठीवरून हात फिरवला. काठावरचा एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "काई होत नाही, बाई. माह्या पोरानं नथीचा मनी गिळलता. उद्या-परवा निघते." ते ऐकून तिच्या जिवात जीव आला. आणि जीव आल्यावर तिनं मोटारीकडे पाहिलं.

"मंग आता मोटार?"

मोटार अर्थात चालणार नव्हती. पण मी भोवती पाहिलं आणि मला हायसं वाटलं. नाल्यात निदान पन्नास तरी बैल असतील. माझ्या मोटारीला बैलांची काय नवलाई!

"दादा," मी म्हाताऱ्याला म्हटलं, "एक जोडी लावून द्या. शेलूबाजारपर्यंत."

"आज?" म्हातारा दचकला. "आज नाही जमत. जनावराची आंघोळ झाली. आज खांद शेकनं, उद्या पोळा. आता परवापर्यंत कोनीच जू ठेवनार नाही मानेवर."

"मोटार हलकी हाय, दादा."

"मोटार हलकी असन, पन पाप हलकं नाही ना, बाप्पा."

मी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. माझ्या सासऱ्यांचं नाव सांगितलं. तेव्हा तर ते जास्तच बिघडले. "उकंडरावचा जवाई हून पोळ्याच्या वख्ताले बैल जुपाले सांगता?" शेवटी म्हाताऱ्यालाच माझी दया आली. त्यानं काठावरचा मोटेचा नाडा उचलून माझ्यापुढे टाकला.

"बैलाले पोळा असते," तो म्हणाला. "मानसाले कोनता पोळा? तुमीच वढा."

मी चतुराबाईला म्हटलं, "अवं, गाव दिसून राह्यलं. पायी जाऊ."

ती मोटारीत बसली होती. दाराच्या काठाला तिनं हात घट्ट धरला होता. "मी उतरीन थे बाबाच्या दाराशी," ती म्हणाली. मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाली, "तुमाले जमत नसन तं राहू द्या. तुमी तरी किती करसान? मी बसते अथीच परवापर्यंत."

ती खरोखर बसली असती. मी कोट काढला.

नाड्याचं एक टोक मोटारीला बांधलं, मधून दोन फेरे काढले, एक माझ्या खांद्यावर, एक रज्जाकभाईच्या. "चाक कोन धरन?" मी विचारलं.

"मी धरते. लहानपनी बाबाची गाडी हाकली हाय म्या."

मी तिला ब्रेक दाखवला. आम्ही ओढायला लागलो. नाल्याच्या चढावर चार गडी मागून लोटायला आले, चढ संपल्यावर ते आपल्या बैलांकडे परत गेले. पुढे आम्ही दोघेच. चिखलात पाय रुतत होते, नाडा खांद्यात घुसत होता, पोटात जेट होता. रज्जाकभाई दर दहा पावलांना अल्लाचं नाव घेत होता आणि मी चतुराबाईच्या बापाचं. मागून ती मार्गदर्शन करत होती. आधी नुसतं "जरा इकडून," "जरा तिकडून" असं होतं. मग तिला जुनी सवय आठवली. "चाल, चाल! टक् टक्!" गंमत म्हणजे त्यानं आम्हाला खरोखर जोर आला.

बैल घेऊन परतणारे दोघेजण आमच्या बाजूनं चालत होते.

"जोडी बरी हाय," एक म्हणाला.

"बरी हाय, पन डावा अडेल दिसते," दुसरा म्हणाला.

डावीकडे मी होतो.

गावात शिरलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. सगळं गाव दाराशी आलं. (घुंगरमाळांची गरज पडली नाही. रज्जाकभाईचं कण्हणं शिवेपासून ऐकू येत होतं.) सासऱ्यांच्या दारात उकंडराव, सासूबाई मनकर्णाबाई, दौलतराव आणि गोजराबाई एका ओळीत उभे होते. चतुराबाईनं "हो... हो" करत ब्रेक ओढला. मोटार बरोबर दारासमोर थांबली. मी आणि रज्जाकभाई तिथंच चिखलात बसलो.

आणि मग चतुराबाई उतरली. घाई केली नाही. आधी पदर सारखा केला, नथ सारखी केली, एक पाय पायरीवर ठेवला, मग दुसरा खाली. जांभळ्या लुगड्यावर कापसाचा एक तंतूसुद्धा नव्हता. गोजराबाई सवयीनं पुढे आली, बहिणीच्या खांद्यावर, पाठीवर शोधलं, आणि तिचे हात तसेच राहिले.

"चतुरे," उकंडराव म्हणाले, "मोटारीनं आली का वं, बाई?"

"हो, बाबा. मोटारीनं आली."

कुणीही हसलं नाही. सगळ्यांनी मोटारीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे मुळीच पाहिलं नाही. मला त्याचं खरंच काही वाटलं नाही. माझा ऊर भरून आला होता. दौलतराव मात्र न राहवून म्हणाले, "मोटार लय चांगली हाय, साढूभाऊ. पन बिघडलं काय?"

मी काही बोलायच्या आत रज्जाकभाईनं चिखलातून उत्तर दिलं. "मोटारीत काईच बिघडलं नाही. फक्त तिचा जीव बाबूसाहेबाच्या पोटात हाय."

मग मात्र जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबलं नाही. सासूबाई हसता हसता रडायला लागल्या आणि रडता रडता केळी आणायला आत पळाल्या. रज्जाकभाईला सन्मानानं ओसरीवर नेऊन चहा दिला. माझे कपडे इतके चिखलाचे होते की मला घरात घेणं सगळ्यांच्या जिवावर आलं, म्हणून मी गोठ्यात जाऊन एका खांबाला टेकून बसलो. डावीकडे बैल, उजवीकडे बैल. अंगरखा काढून पाहिलं तर खांद्याची सालटं निघाली होती.

थोड्या वेळानं उकंडराव कंदील आणि वाटी घेऊन आले. वाटीत कोमट तूप आणि हळद. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्यांवर तूप-हळद चोळतात आणि प्रत्येक बैलाला उद्याच्या पुरणपोळीचं आमंत्रण देतात. मामाजी (सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो) एकेका बैलापुढे थांबायचे, पळसाच्या पानानं खांदा चोळायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्यांच्या मागून चतुराबाई दिवा घेऊन चालत होती. माझ्यापाशी आल्यावर मामाजी घुटमळले. एकदा माझ्या खांद्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग वाटी तिच्या हातात देऊन पुढच्या बैलाकडे न जाता सरळ बाहेर निघून गेले.

चतुराबाई माझ्याजवळ बसली. तिनं पानावर तूप घेतलं आणि माझ्या खांद्यावर अगदी हलक्या हातानं चोळायला लागली. डोळे भरले होते तिचे.

"लय लागलं का वो?"

"नाही."

"खोटं नका बोलू. माह्यापायी केलं ना सारं?"

"तू उतरली तवा मी पाह्यलं," मी म्हटलं. "राणीवानी उतरली."

तिनं नाकातली नथ सारखी केली आणि दुसऱ्या खांद्याला तूप लावलं. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. उद्या पाटावर पहिला मान माझा असणार, दौलतराव दुसरे. मग तिनं पान बाजूला ठेवलं, हात जोडले आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणाली,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

शेजारच्या बैलानं मान हलवली. मीही हलवली.

"आन लाजू नका," ती उठता उठता म्हणाली. "पुरनपोळ्या चांगल्या डझनभर खा, वरून दूध प्या. परवा आपल्याले मोटारीनंच वापस जायचं हाय."